नाल्याकाठची ओळ

झाकण वितीहून जरासं मोठं होतं. त्याच्या कडेला एका ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढा पोचा आला होता. हातातून सुटलं की ते आधी सरळ जायचं आणि वेग उतरला की डावीकडे कलायचं. उजव्या हाताच्या माणसानं फेकलेलं धड झाकणही शेवटी डावीकडेच वळतं. पोच्यामुळे ते वळण जरा लवकर येतं, एवढंच. चारुशीलानं हे पहिल्या वर्षीच हेरलं होतं, आणि उद्धवला सांगितलं नव्हतं. खेळात तेवढं चालतं.

बाग उद्धवची होती, अचलपूरच्या पलीकडे, संत्र्याची. त्याची बहीण जमुना आणि चारुशीला नागपूरला एका वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या. जमुनेबरोबर ती पहिल्यांदा इथं आली तेव्हा उद्धव नुकताच शेतकी कॉलेजातून परतला होता. तिथं तो थाळीफेकीत पहिला यायचा. गावात थाळी कुठली, म्हणून त्यानं बिस्किटांच्या डब्याचं झाकण घेतलं, बारा झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे ओढले आणि खेळ तयार केला. विहिरीपासून सुरुवात करायची, पट्ट्याची झाडं ओळीनं झाकणानं टिपत जायची. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. डहाळी मोडली तर दोन फेकी दंड. पुढे जमुना लग्न होऊन दर्यापूरला गेली. चारुशीला अमरावतीच्या मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागली आणि दर जानेवारीत एका रविवारी परतवाड्याच्या गाडीत बसून येत राहिली.

खेळ जानेवारीतच जमायचा. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. झाडाला ताण बसतो, पानं मलूल होतात, थोडी गळतातही. मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. त्या मधल्या दिवसांत जमीन कोरडी असते आणि दाट झाडांमधून आरपार वाटा दिसू लागतात. एकदा पाणी सोडलं की चिखल आणि कळी. मग बागेत झाकण तर सोडाच, कुणी मोठ्यानं शिंकलेलंही उद्धवला खपत नसे.

यंदा मात्र फेब्रुवारी निम्मा सरला होता. दोनदा येते म्हणून कळवून ती आली नव्हती.

"काहून वं, रस्ता इसरली का?" उद्धवच्या आईनं, मैनाबाईंनी, चहाचा कप तिच्या पुढ्यात ठेवला. "आमी संक्रांतीपासून वाट पाहून राहिलो. तीळगूळ मुंग्यांनी खाल्ला."

"कॉलेजात परीक्षा होत्या, काकू."

"परीक्षा! तू देतं का पोरी देतेत?" मैनाबाई हसल्या, मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुये बाबा गेले ते समजलं. लय वाईट झालं. आता अकोल्याच्या घरी कोण हाय?"

"वसंता आहे, धाकटा भाऊ. त्याची बायको आहे."

"म्हणजे आता तुयावर कोनाचं काही नाई." मैनाबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "मी उद्धवले काही इचारत नाई. इचारलं तं उठून जाते. पन बाई, यंदा त्यानं बागेले पानीच सोडलं नाई. शेजारच्यांच्या बागा फुलल्या. मी म्हटलं, काहून बाप्पा, तं म्हनते, सोडतो, सोडतो. तू तरी सांगजो त्याले."

चहा गोड होता. तो तिच्यानं संपवला नाही.

उद्धव विहिरीपाशी उभा होता. "या बाई," तो म्हणाला. इतक्या वर्षांत दोघांचंही तुम्ही सुटलं नव्हतं. "हात चालतो ना अजून? की खडू धरून धरून आखडला?"

"फेकून बघू."

पहिलं झाड तिनं एका फेकीत टिपलं. दुसरं, तिसरं सोपंच होतं, सरळ ओळीतलं. चौथ्याला दोन झाडांच्या फांद्यांखालून झाकण न्यावं लागे, गुडघ्याएवढ्या उंचीवरून. ती वाकली, मनगट आखडून धरलं आणि सोडलं. झाकण जमिनीलगत सुसाटत गेलं आणि पट्ट्यावर टण्‌कन वाजलं.

"बाप्पा!" उद्धव म्हणाला. "पोरींना हेच शिकवता काय तिथं?"

त्याच्या झाकणानं आधी एक फांदी गाठली. डहाळी मोडली नाही, पण मूठभर पानं खाली आली. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं एक उचललं. आतल्या बाजूला वळलेलं, कडक. चुरगाळलं तर वास आला, पण उशिरा.

फेकी चालू राहिल्या, आणि दोन फेकींच्या मधे चालताना चारुशीलाला बाबा आठवत राहिले. सहा वर्षांपूर्वी याच बागेत उद्धवनं तिला विचारलं होतं, "इथं राहाल का?" एवढंच. ती म्हणाली होती, बाबांना विचारायला हवं. खरं तर विचारायला हवंच होतं. केशवराव वकिलांची मुलगी, जठारपेठेतलं ब्राह्मणाचं घर, आणि हा कुणब्याचा मुलगा. तिनं कारण दिलं ते कुणालाही पटलं असतं. मग बाबांना अर्धांगवायू झाला. मग वसंताचं शिक्षण व्हायचं होतं. दर जानेवारीत एक कारण तयार असायचं आणि उद्धव दर वेळी मान हलवून म्हणायचा, "घाई नाही."

बाबांना तिनं कधीच विचारलं नाही. उलट एका संध्याकाळी बाबांनीच, तोंडाच्या धड बाजूनं शब्द जुळवत, तिला विचारलं होतं, "त्या अचलपूरच्या मुलाचं काय गं?" जमुना अकोल्याला भेटायला आली होती, तिच्याकडून कळलं असावं. आवाजात राग नव्हता. चारुशीला उशी नीट करत म्हणाली होती, "कुठला मुलगा?" बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी डोळे मिटले. श्रावणात ते गेले.

"आठवं तुमचं," उद्धव म्हणाला. "तीन फेकींनी पुढे आहात. आता नाल्याकाठची ओळ. तिथं मी तुम्हाला गाठतो."

नाल्याकाठची चार झाडं हाच सगळ्या खेळाचा कस होता. एका अंगाला धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या चिंचा, दुसऱ्या अंगाला बाभळी, आणि मधल्या बोळातून झाकण वळवून न्यायचं. इथं डावीकडचा कल उपयोगी पडे. या चार झाडांवर दोघांनी आजवर किती हसून घेतलं होतं. एका वर्षी झाकण चिंचेत अडकलं आणि उद्धव वर चढला, तो मैनाबाईंची हाक आल्यावर वरूनच ओ देत बसला होता.

तिनं झाकण उचललं आणि समोर पाहिलं. बोळ रुंद झाला होता. झाडांमधून पलीकडचं सगळं आकाश दिसत होतं.

ती न फेकताच पुढे गेली. नवव्या झाडाची एक बारीक फांदी तिनं वाकवली. ती कट्‌कन तुटली. मग तिनं नखानं बुंध्याची साल खरवडली. खाली हिरवं दिसायला हवं होतं. दिसलं ते तपकिरी, कोरडं. तिनं वीतभर खाली खरवडलं, मग मुळाशी. पुढच्या झाडापाशी गेली. तिथंही तेच. अकराव्याला मुळाजवळ जराशी हिरवी रेघ होती. बाराव्याला तीही नव्हती.

उद्धव मागे उभा होता. त्यानं तिला थांबवलं नाही.

"ही मुरमाड जमीन आहे," ती म्हणाली. "काळ्या जमिनीतली झाडं तग धरतात. इथली धरत नाहीत. तुम्हीच मला हे सांगितलंत. या ओळीला तुम्ही दर वर्षी सगळ्यांच्या आधी पाणी देता."

"देतो."

"मग?"

त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "आधी तुम्ही म्हणालात, संक्रांतीनंतरच्या रविवारी येते. म्हटलं, एक आठवडा. मग म्हणालात महिनाअखेर. इथं पाणी सोडलं असतं तर चिखल झाला असता. ही ओळ गेली की खेळात राहतं काय?" तो हसायला गेला. "आणि म्हटलं, यंदा तुम्ही काही तरी सांगणार. ते इथंच सांगाल. विचारलं होतं इथंच ना."

"शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस तुम्ही."

"हो ना. सगळं गाव हसून राहिलं."

चारुशीलानं हातातला सालीचा चुरा झटकला. तो नखांत राहिला. झाडं जानरावांनी, उद्धवच्या वडिलांनी लावलेली होती. एक झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. ती हे वर्गात शिकवत असे.

दर जानेवारीत संध्याकाळच्या गाडीनं ती अमरावतीला परतायची. खोलीचं कुलूप उघडायची, कंदिलाची काच पुसायची, खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकावरचा कपडा नीट करायची. त्या खोलीत शिरताना काही मागे राहिल्यासारखं तिला एकदाही वाटलं नव्हतं. पुन्हा येण्याची ओढ लागायची ती डिसेंबरात, हवा कोरडी झाली की. तिला हवी होती ती ही एक दुपार. या घराचा ओटा, या विहिरीचं पाणी, या माणसाचं सगळं वर्ष तिला कधीच नको होतं. आणि हे तिला बाबांच्या आधीपासून, वसंताच्या आधीपासून ठाऊक होतं. सांगितलं असतं तर दुपार गेली असती. म्हणून तिनं सांगितलं नाही, आणि उद्धवचं वय चाळिशीकडे गेलं.

"फेका बाई," तो हळूच म्हणाला. "तुमची पाळी आहे. ही चार झाडं गेली तर गेली. पुढच्या पावसाळ्यात नवी लावीन. तोवर बाकीच्यांवर खेळू. घाई नाही."

ते दोन शब्द तिनं सहा वर्षं आनंदानं ऐकले होते. आज तिला ते ऐकवेनात. घराकडून मैनाबाईंची हाक आली, जेवण वाढल्याची. उद्धवनं ओ दिली, पण तो जागचा हलला नाही. तो तिच्याकडे बघत होता. आणखी एका जानेवारीचं कारण ऐकायची त्याची तयारी चेहऱ्यावर दिसत होती.

तिनं झाकण जमिनीवर ठेवलं.

"उद्धव," ती म्हणाली. राव न लावता तिनं त्याला कधीच हाक मारली नव्हती. "मी इथं राहायला येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. कधीच येणार नाही."