गाळ्याची सोय

"बाबा, कुत्रं नेता येणार नाही म्हणजे नाही. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. त्याला काय खुंटीला टांगू?"

लेक दारात उभी राहून बोलत होती. अण्णा ओट्यावर बसून गाळ्याच्या कानामागची गोचीड काढत होते. मी शेजारीच, कुंपणाला काट्या लावत होतो. सगळं ऐकू येत होतं.

अण्णांनी उभी हयात विहिरी खोदल्या. दगडाची धूळ छातीत बसली, आता चार पावलांत धाप लागते. म्हणून लेक न्यायला आली होती. गाळ्या त्यांना एका पडक्या विहिरीत सापडला होता, गळ्यापर्यंत गाळात रुतलेला. टोपलीत घालून वर काढला, तेव्हाच पुरता वाढलेला होता. त्यालाही नऊ वर्षं झाली. एका डोळ्यात फूल पडलंय, मागचे पाय लटपटतात आणि कान तर पार गेलेत.

"रविवारी ये," अण्णा म्हणाले. "याची सोय लावतो, मग निघू."

दुसऱ्या दिवसापासून दोघं म्हातारे दारोदार फिरायला लागले. वर ऊन, खाली घोटा बुडेल एवढा फुफाटा. एकाला धाप लागली की दुसरा थांबायचा.

मेंढपाळ म्हणाला, "अण्णा, मला लांडग्यामागं धावणारं पाहिजे. याला तर मलाच उचलून न्यावं लागेल."

सुतारानं दोघांना पाणी दिलं, घरात विचारून सांगतो म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. माझ्याकडंही आले. गाय व्यायला झालीय, घरात माणूसबळ नाही, असं काहीबाही बोललो मी. अण्णा नुसतं "बरं" म्हणाले. ते 'बरं' अजून टोचतं.

शनिवारी ते गिरणीच्या सावलीला टेकले, तेही धाप लागली म्हणून. गिरणीवाली नवऱ्यामागं एकटीच दळण करते. पट्टा फिरत होता, पत्रे थरथरत होते. त्या आवाजाला तिथं मांजरसुद्धा थांबत नाही. गाळ्या मात्र आत गेला आणि पोत्याला पाठ लावून झोपला.

"याला आवाजाचं काही वाटत नाही?" तिनं ओरडून विचारलं.

"ऐकूच येत नाही त्याला."

"काय?"

अण्णांनी तिच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

"मग राहू दे इथंच," ती म्हणाली. "वीस वर्षं या पट्ट्याजवळ उभी आहे. मला तरी कुठं धड ऐकू येतं?"

अण्णा तिथंच पोत्यावर बसले. म्हणाले, "पाण्याचं भांडं एकाच जागी ठेव. हलवलंस तर सापडत नाही त्याला."

रविवारी अण्णा गेले. सोमवारी गाळ्या वास काढत त्यांच्या कुलूपबंद दाराशी येऊन बसला. गिरणीवाली आली, त्याला घेऊन गेली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

गुरुवारी तिनं गिरणी उघडलीच नाही. तीही त्याच्या शेजारी अण्णांच्या पायरीवर येऊन बसली, पदराला कालचं पीठ लागलेलं तसंच. मी दळणाचा डबा घेऊन निघालो होतो.

"आज दळण नाही का?" मी मोठ्यानं विचारलं.

"ठेवून जा," ती म्हणाली. "हा उठला की येते."