दीड वर्षाचा रकाना

जूनच्या अखेरीस मलिहाबादच्या बागांत ऊन सरळ खाली उतरत नाही. ते पानांवर थबकतं, दशहरीच्या देठांशी रेंगाळतं, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याचे तुकडे झालेले असतात. त्या तुकड्यांवरून दीड वर्षांचा निरंजन उघड्या पायांनी धावत होता, आणि त्याच्यामागे, चष्मा सावरत, रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंते चंद्रशेखर निमकर, म्हणजे त्याचे आजोबा.

"निरू, हळू! मुंग्या आहेत तिथं!"

निरूला मुंग्याच हव्या होत्या.

चंद्रशेखर त्या दिवशी बागेत आले होते ते गाडी चालवायला. त्यांची धाकटी, देविका, इथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर. केंद्राची गाडी ऐन वेळी दुसऱ्या कामाला गेली, तेव्हा सकाळी लखनौच्या महानगर वस्तीतल्या घरात उभ्याउभ्या चहा घेत तिनं जाहीर केलं, "बाबा, आज तुम्ही माझे ड्रायव्हर. पगार नाही, शिव्या मिळतील." मुलगा अभिजित हवाई दलात, त्याची बदली दूर झाली, म्हणून मार्चपासून सून सावनी आणि निरू लखनौलाच होते. सावनी अलीगंजला संगणकाच्या वर्गाला गेली, आणि निरू मागच्या सीटवर बसून बागेत आला.

देविकाचं काम सोपं दिसत होतं, पण तसं ते नव्हतं. शेजारच्या बागेत एका मुलीला गोवर निघाला होता. या बागेत आंबे उतरवायला बहराइचकडून आलेली आठ कुटुंबं तीन महिने झोपड्यांत राहत होती, आणि त्यांची सहा लहान मुलं कुठल्याच यादीत नव्हती. यादी घरांवरून होते. झोपडीच्या ताडपत्रीवर कुणी क्रमांक घालत नाही. आणि उद्या सकाळी ट्रॅक्टर येऊन या सगळ्यांना गावाकडे नेणार होता. गोवराच्या लसीचा दुसरा डोस आज दिला गेला नाही, तर ही मुलं पुन्हा कुणाच्या नजरेला पडतील, हे देविकाला सांगता येत नव्हतं. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, ही सहा मुलं हातची जाऊ द्यायची नाहीत." चंद्रशेखरांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली होती. काळजीवर त्यांना एवढाच उपाय माहीत होता.

तोडणी पहाटेच सुरू होते आणि पेट्या भरून होईतो दहा वाजतात, हे ओळखून तिनं नेहमीची नऊची वेळ साडेदहावर नेली होती. त्यामुळे बायका मोकळ्या सापडल्या. आंबे उतरवायचे लांब बांबूचे झेले झाडांना टेकवलेले, हाताला चीक, कडेवर मुलं. परिचारिका कल्पना लसीचा निळा डबा मांडीशी धरून बाजेवर बसली होती. पण पुढं कुणी येईना.

"हम यहाँ के नहीं हैं, डाक्टर साहब," त्यांतली जाणती, रामरती, समजुतीच्या सुरात म्हणाली. "कार्ड गाँव में है। वहीं लगवा लेंगे।"

झाडाखाली निरूच्या पायाच्या मुंग्या झटकणारे चंद्रशेखर थांबले. वाक्य त्यांना ओळखीचं वाटलं. कुठं ऐकलं ते मात्र लगेच आठवेना.

"कल सफ़र है," दुसरी म्हणाली. "बच्चे को बुखार आ गया तो?"

"इस सुई का बुखार आया भी तो हफ़्ते भर बाद आता है, कल नहीं," देविका म्हणाली. "और पास की बाग में खसरा निकला है। मैं झूठ नहीं बोलूँगी, मुझे डर लग रहा है।"

रामरतीनं तिच्याकडे निरखून पाहिलं, मग निरूकडे बोट केलं. "यह आपका है?"

"भतीजा है।"

"इसको लगी है?"

"हाँ, लगी है।"

"कब?"

साधा प्रश्न. देविका वडिलांकडे वळली. "बाबा, निरूचा दीड वर्षाचा डोस कधी झाला?"

चंद्रशेखर नातवाला उचलून उभे राहिले. रुळांच्या जोडणीत केसभर फट राहिली तरी रात्रभर झोप न लागणारा हा माणूस आता नातवाच्या झबल्याची बटणं नीट करू लागला.

"बाबा?"

"मला वाटलं, तू दिलास."

"मला वाटलं, अभिजितच्या तळावरच झाला." बोलता बोलताच तिचा हिशोब लागला. मार्चमध्ये निरू पंधरा महिन्यांचा होता, डोस सोळाव्यानंतरचा. शेकडो मुलांचे महिने बोटांवर मोजणारी ही मुलगी घरातल्या एकाचे मोजायला विसरली होती. तिनं सावनीला फोन लावला. दोन मिनिटांत कार्डाचं छायाचित्र आलं. वरचे सगळे रकाने निळ्या शाईनं भरलेले, आणि दीड वर्षाचा रकाना कोरा. खाली सावनीचा निरोप: 'ताई, मला वाटलं डॉक्टरच्या घरात हे आपोआप होतं.'

"देवू," चंद्रशेखर हळूच म्हणाले, "चूक माझी आहे. आरोग्य खात्याच्या, आपल्या गल्लीतल्या आशाताई दोनदा आल्या होत्या, घरात लहान मूल आहे का विचारत. मी त्यांना सरबत दिलं, आणि सांगितलं, हम लोग यहाँ के नहीं हैं, बच्चा तो मेहमान है."

"बाबा! तुम्ही एकतीस वर्षं लखनौत राहताय!"

"तोंडात बसलंय गं ते. वाईहून आलो तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगतो. दूधवाल्यालासुद्धा."

मराठी त्या बायकांना कळत नव्हती, पण कोरा रकाना आणि दोघांचे चेहरे त्यांना वाचता आले. रामरतीनं फोनवर वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग हसू आवरेना तेव्हा पदर सोडून दिला.

"अरी सुनो! डाक्टरनी के घर का भी छूट गया!"

बागभर हसू पसरलं. देविकाच्या गालांवर रक्त चढलं. क्षणभर चंद्रशेखरांना वाटलं, संपलं. ज्या डॉक्टरच्या घरातच हे घडलं तिच्या हाती आता कोण मूल देईल? पण रामरती बाजेवर सरकून बसली आणि हाताने जागा थोपटत म्हणाली, "आइए बाबूजी। पहले आपका, फिर हमारा।"

कल्पनानं देविकाच्या कानाशी लागून विचारलं, "मैडम, दस की शीशी है। खोल दूँ? चार घंटे में फेंकनी पड़ेगी। पिछली बार मीटिंग में मेरी क्लास लग गई थी।"

"खोलो। एक के लिए भी खोलनी होती, तो खोलते। मीटिंग में मैं खड़ी हो जाऊँगी।"

अकरा वाजून दहा मिनिटांनी कुपी उघडली. निरूनं आधी सुईकडे कुतूहलानं पाहिलं, मग आजोबांकडे, आणि हा विश्वासघात लक्षात येताच असा टाहो फोडला की पोपटांचा थवा झाडावरून उठला. त्यामागून एकेक मूल आलं. नवी कार्डं चंद्रशेखरांनी लिहिली, नकाशावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरांत. पत्त्याशी ते अडले.

"बाग नहीं चलेगी बाबूजी, मकान नंबर चाहिए," कल्पना म्हणाली.

"चालेल," देविका मराठीतच म्हणाली. "बाबा, बाग लिहा, विहीर लिहा, गावचा पत्ता लिहा, रामरतीचा फोन लिहा. जेवढं मावेल तेवढं."

पाच मुलांना लस मिळाली. सहाव्याची आई नवरा मंडईतून आल्याशिवाय तयार नव्हती. देविकानं तिला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा नाही. कार्ड मात्र भरून हातात दिलं, आणि संध्याकाळी परत येते म्हणाली. त्या बाईनं कार्ड पोलक्यात सरकवलं, फेकलं नाही.

कुपीत चार डोस उरले होते. शेजारच्या बागेत सोमवारी लसी दिल्या, तेव्हा आयांबरोबर बाजाराला गेलेली काही मुलं राहून गेली होती. पण टोचल्यावर अर्धा तास मुलांवर लक्ष ठेवायचं असतं. देविकाला हलता येत नव्हतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. लहानपणी परीक्षेच्या सकाळी ती असंच पाहायची, न मागता.

"दे किल्ली," ते म्हणाले.

"किल्ली तुमच्याच खिशात आहे, बाबा."

हुंदके ओसरलेला निरू रामरतीच्या मांडीवर आंब्याची कोय चोखत बसला होता. त्याला तसाच तिथं, आत्याच्या नजरेसमोर सोडून चंद्रशेखर निघाले. कल्पना डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली. खड्डा आला की ते गाडी इतकी हळू करत, की एकदा वाटेतली बकरी त्यांच्या पुढं निघून गेली.

"बाबूजी, दवा है, दुल्हन नहीं।"

"आज वही है," ते म्हणाले.

शेजारच्या बागेत एक बाई डोक्यावर पेटी घेऊन चालली होती. चंद्रशेखर घाईघाईनं उतरले.

"आप डाक्टर हैं?" तिनं संशयानं विचारलं.

"नहीं, डाक्टर का बाप। यह बताइए, यहाँ छोटे बच्चे कितने हैं?"

बाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पेटी जमिनीवर ठेवली आणि झोपड्यांकडे तोंड करून एकामागून एक नावं पुकारू लागली.