अकरा गाठींची दोरी

मी एक जुनी दोरी आहे. अंगाने कळकट, दोन ठिकाणी तंतू सुटलेली. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट ऐकून कुणी 'अरेरे' म्हणायचं नाही. ज्याला दया दाखवायची असेल त्याने ती त्या घडीच्या स्टँडला दाखवावी. तो बिचारा रोज कपडे वाळवतो आणि त्याच्याशी कुणी एक शब्द बोलत नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला वळणारे आजोबा उलट्या पावलांनी चालायचे. समोरच्या टोकाला त्यांची सून चाक फिरवायची आणि ते तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जायचे. सुताचे तीन पेड. आधी प्रत्येकाला वेगळा पीळ, मग तिघांना मिळून उलट्या बाजूने पीळ. सुनेचा हात जरा ढिला पडला की आजोबा ओरडायचे, "घट्ट फिरव गं! ही ओझं आवळणार आहे, वेणीची रिबीन नाही." तेव्हा माझ्या अंगात जो ताठा आला, तो अजून शाबूत आहे.

मला विकत घेतलं एका टेंपोवाल्याने. तो लोकांचं बिऱ्हाड एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचवायचा. कपाटं, गाद्या, शिवणयंत्रं, एकदा तर माशांसकट काचेची पेटी. सामान रचून झालं की टेंपोवाला मला एका बाजूने वर भिरकावायचा आणि ओरडायचा, "आली!" पलीकडे त्याचा जोडीदार उभा असायचा. सगळे त्याला पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. तो मला झेलून ओरडायचा, "धरली!" पलीकडून उत्तर आल्याशिवाय मला ओढायचं नाही आणि टोक धरणाऱ्याने बाजूला बघायचं नाही, हा त्यांचा कायदा. दुसरा कायदा असा की, दोरी कधी कापायची नाही. गाठ कितीही बसलेली असो, सोडवायची.

बारा वर्षं मी घरंच्या घरं आवळून धरली. एका म्हाताऱ्या बाईंचं काचेचं कपाट दोन डोंगर ओलांडून गेलं आणि त्याला ओरखडा आला नाही, तेव्हा टेंपोवाल्याने मला शाबासकीची थाप दिली होती. मग बाजारात पिवळे पट्टे आले. त्यांना लोखंडी चाप असतो, तो कटकट करत आवळतो. टेंपोवाला पट्ट्यांवर भाळला आणि मी त्याच्या घरी आले. तिसरा मजला, दोन खोल्या, एक बाल्कनी. मी कपडे वाळत घालायची दोरी झाले.

आता घरच्यांची ओळख करून देते. आई डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिते. कॉलेज शिकलेली, हुशार, पण काळजी करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. गॅस बंद केला का, हे ती तीनदा बघते. चौथ्यांदा वास घेते. मोठी मुलगी आठ वर्षांची, तिला भिंगरी म्हणतात, कारण ती सरळ चालतच नाही, गिरक्या घेत चालते. धाकटा चार वर्षांचा ठोंब्या. तो बसवाल तिथे बसतो.

बाल्कनीत मला टेंपोवाल्याने बांधलं, दोन्ही टोकांना एका ओढीत सुटणाऱ्या गाठी मारून. आईने ते पाहिलं. "सुटली तर?" म्हणाली आणि त्यावर स्वतःची एक गाठ मारली. काही महिन्यांनी आणखी एक. पुढे कधीतरी आणखी. मोजाल तर अकरा गाठी झाल्या, एका टोकाला पाच, दुसऱ्याला सहा. टेंपोवाला हसायचा, "अगं, चादरी वाळत घालायच्यात की जहाज बांधायचंय?" आई म्हणायची, "तुम्हाला काय, तुम्ही सदा बाहेर. इथे बघायचं मलाच असतं." मी मुकाट्याने ओली पायपुसणी पेलत होते. कौतुक तर सोडाच, माझ्याकडे कुणी मान वर करून बघतही नव्हतं.

त्या वर्षी मोठी सुट्टी लागली आणि नेमकं टेंपोचं इंजिन बिघडून गॅरेजमध्ये उघडं पडलं. सुट्टीच्या शिबिराची फी झेपणार नव्हती. रोज सकाळी इमारतीतली मुलं एकसारखे लाल टी-शर्ट घालून शिबिराच्या बसमध्ये चढायची. भिंगरी माझ्याखाली उभी राहून ते बघायची आणि तेवढा वेळ एकही गिरकी घ्यायची नाही. हे मी पाहिलं. दाराआडून आईनेही पाहिलं. आईने साठवलेली रजा काढली.

पहिल्याच रविवारी आत्या आली. म्हणजे टेंपोवाल्याची मोठी बहीण. मनाने चांगली, पण तिचं बोलणं अंगाला लागतं. येताना घडीचा स्टँड भेट घेऊन आली होती. "ते लोंबतं काढून टाक गं बाई," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि हे बघ, मुलं इथे नुसती लोळणार. पुढच्या रविवारी मी भिंगरीला घेऊन जाते. सुट्टीभर राहू दे. आमच्याकडे पोहायचा तलाव आहे, भिंतभर टीव्ही आहे, तिला वेगळी खोली देईन. इथे तू तिला काय देणार आहेस?"

आई म्हणाली, "बघू, ताई."

मित्रांनो, मी पीळ ओळखते. त्या 'बघू'मध्ये रडू घट्ट वळलेलं होतं. भिंगरीने सगळं ऐकलं होतं. तुला जायचंय का, हे आईने तिला विचारलं नाही. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? या एका 'तर'पायी आई आठवडाभर तो प्रश्न गिळून बसली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. दहा ते पावणेअकरा चित्रकला. पावणेअकरा ते सव्वाअकरा मेंदूला चालना. मुलांना दर्जेदार वेळ कसा द्यावा, हे आईने फोनवर वाचलं होतं. ती समोर बसायची, एक डोळा घड्याळावर आणि एक मुलांवर. "ठोंब्या, रंग तोंडात नाही. भिंगरी, मजा येतेय ना? नक्की येतेय ना?"

भिंगरीने ब्रश खाली ठेवला. "आई, तू खेळत नाहीस. तू आम्हाला तपासतेस."

आई उठून बाल्कनीत आली. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने स्टँड उघडला आणि मला काढायला भाजीची सुरी आणली. सुरीचं पातं माझ्या अंगाला टेकलं. खरं सांगते, मी घाबरले नाही. मला राग आला.

"आई, थांब!" भिंगरी धावत आली. "दोरी कापायची नसते! बाबांना विचार!"

फोन लागला. गॅरेजमधल्या ठोकाठोकीतून टेंपोवाल्याचा आवाज आला. "कापू नकोस गं. ज्याने बांधली त्याने सोडवायची."

"अहो, अकरा गाठी आहेत!"

"माझ्या दोनच होत्या. बाकीच्यांचं तुझं तू बघ," असं म्हणून तो जो हसायला लागला, तो पैलवानालाही हसवूनच थांबला.

आई फतकल मारून खाली बसली. भिंगरीने काटा-चमचा आणला, केसांतली पिन काढली. ठोंब्याला गाठीबाहेर लोंबणारं टोक धरून बसायचं काम दिलं. तो ते दोन्ही हातांनी धरून बसला, जणू मी पळून जाणार होते. पहिल्या गाठीला आईचं नख तुटलं. दुसरी भिंगरीने दातांनी ओढली. "शी, तोंडातून काढ!" आई म्हणाली आणि तिसरी गाठ हटेना तेव्हा तिनेच दात लावले. भिंगरी हसून हसून लोळली.

"ही एवढी घट्ट कधी मारलीस गं?"

आईने गाठीवरून अंगठा फिरवला. "ही तू रांगायला लागलीस तेव्हा. वाटलं, दोरी सुटून ओली चादर तुझ्या अंगावर पडेल."

"आणि ही?"

"ही ठोंब्या पोटात होता तेव्हा. बाबा दहा दिवस बाहेरगावी होते."

"ही?"

"तुला ताप आला होता. उतरतच नव्हता. तू झोपलीस आणि मला काय करावं सुचेना. इथे आले आणि एक गाठ मारली."

भिंगरीने ती गाठ चिमटीत धरली. मग म्हणाली, "ही मी सोडवते. तू नुसतं धर." आणि तिने ती सोडवली. कशी ते विचारू नका, मला गुदगुल्या होत होत्या.

शेवटची गाठ सुटली तेव्हा पाऊण वाजला होता. मेंदूला चालना देण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. वीस हात लांबीची मी जमिनीवर पसरले होते. इतक्या वर्षांत मी कधी अशी पाय पसरून लोळले नव्हते.

मग आईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "ही गळ्यात अडकली तर?" तिने तिथल्या तिथे कायदा केला. दोरी गळ्यात घालायची नाही, दाराला बांधायची नाही. आणि आई हजर नसेल तर दोरीला हातही लावायचा नाही. एरवी मी कपाटावर, आईचाच हात पोहोचेल एवढ्या उंचीवर.

आईला वाटलं, आपण दोरीचा खेळ आटोक्यात ठेवला. इथे ती फसली. कारण आता ज्या ज्या वेळी मुलांना मी हवी असे, त्या त्या वेळी आईला यावंच लागे. "आई, दोरी!" म्हणजेच "आई, तू!" ती भाजी चिरता चिरता उठायची, हात पुसायची, यायची. आणि एकदा आल्यावर नुसती बघत कशी राहणार? माझं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. ठोंब्याचा काही भरवसा नाही, तो टोक धरून झोपतो.

मंगळवारी मी नदी झाले. बुधवारी मी आडव्या पडलेल्या ठोंब्याच्या भोवती ठेवलेली रेघ झाले आणि तो उठल्यावर जमिनीवर दुसरा ठोंब्या उरला. गुरुवारी त्यांनी घर हलवलं. उशा, पातेली, बुटांचा खोका, सगळं पलंगावर रचलं आणि भिंगरीने मला वरून भिरकावलं. "आली!" पलीकडून आई म्हणाली, "काय आली?" आणि मी तिच्या अंगावरून घसरून पाण्याच्या बादलीत पडले.

"आई! 'धरली' म्हणायचं असतं! आणि इकडे तिकडे बघायचं नसतं!"

"अगं, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते."

"मग आधी शिट्ट्या मोज. नंतर ये. आम्ही थांबतो."

आई आत गेली, गॅस बंद केला, आणि मित्रांनो, वास न घेता परत आली. शनिवारपर्यंत तिला मला झेलता यायला लागलं. ती "धरली!" असं ओरडायची की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, "काय धरलं? चोर का?"

पण रविवार काही चुकला नाही. आत्या आली तेव्हा पलंगावर गाद्यांचा डोंगर होता, आईचे केस सुटले होते आणि ठोंब्या टोपलीत बसला होता, कारण तो माशांची पेटी होता.

"हे काय गं? घर आहे का गोदाम?" आत्या म्हणाली. "भिंगरी, बॅग भरलीस ना?"

माझं टोक आईच्या मुठीत होतं. ती मूठ घट्ट झाली. "ताई," आई म्हणाली, "मी तिला अजून विचारलंच नाही. मला भीती वाटत होती. आता तुमच्यासमोर विचारते. भिंगरी, तुला जायचंय का? हो म्हणालीस तरी मला वाईट... नाही, वाईट वाटेल. पण तू खरं सांग."

भिंगरीने आत्याकडे पाहिलं. "तिथे माझ्याबरोबर कोण असेल?"

"अगं, सगळं आहे! तलाव आहे, टीव्ही आहे..."

"पण दुसरं टोक कोण धरणार?"

"कसलं टोक?"

भिंगरीने आईच्या मुठीतून मला सोडवून घेतलं आणि आत्याला पलंगाच्या पलीकडे उभं केलं. "बाजूला बघायचं नाही हं." मग गाद्यांवरून मला फेकलं. "आली!"

नेमका आत्याचा फोन वाजला. आत्याने पर्सकडे पाहिलं आणि मी थेट तिच्या डोक्यावर. चष्मा एका कानावर लोंबायला लागला. आई पांढरीफटक पडून धावली. "ताई, लागलं का? डोळ्याला तर नाही ना? बघू!"

आत्याने चष्मा सरळ केला. पर्स टेबलावर ठेवली. फोन त्या पर्समध्येच वाजत राहिला.

"पुन्हा टाक," ती म्हणाली.

संध्याकाळी आत्या एकटीच परत गेली. दारात चपला घालताना म्हणाली, "गुरुवारी येते. साधे कपडे घालून येते." आणि मग हळूच आईला, "राहू दे गं तिला तुझ्याजवळ."

आईची काळजी संपली, असं खोटं मी सांगणार नाही. ती अजूनही मला रोज कपाटावर ठेवताना बोटांनी चाचपून बघते. चाचपू दे. काळजी आहे म्हणूनच तर ती हजर असते. टेंपो दुरुस्त झाला, शिबिरं पुन्हा येतील, नवीन खेळणी येतील, त्यांचे सेल संपतील. मी इथेच आहे.

तर मित्रांनो, माझं ऐका. घरातल्या जुन्या वस्तूंना कचऱ्यात टाकायची घाई करू नका. मला ओलं ठेवू नका, कुजते मी. कापू नका. आणि मला घेऊन एकट्याने खेळू नका, मोठ्या माणसाला ओढून आणा. ते काम सांगतील, दमलोय म्हणतील. त्यांच्यापुढे उभे राहा आणि हलू नका. त्यांच्याकडे काही विकत मागू नका, त्यांचे दोन हात मागा.

आणि सुट्टी संपल्यावर वर्गात कुणी विचारलं की कुठे गेला होतात, तर मान खाली घालायची नाही. ताठ उभं राहून सांगायचं, कुठेही नाही, घरीच होतो, आणि एकही दिवस पुरला नाही.