विधवेचा कोट

भाईंदरच्या सोसायटी हॉलमध्ये दर रविवारी दुपारी फ्रेंच सिनेमा लागायचा, आणि संपला की प्रत्येकाने चाळीस शब्दांत आपलं मत लिहून द्यायचं, असा क्षितिजाचा नियम. मंडळ तिनेच काढलेलं. तिचे वडील ईश्वर नाचणकर मागच्या रांगेत बसत. फ्रेंच कळत नव्हतं आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत गायब होत. पण पोरगी माइक धरून बोलते ते बघायला बाप कुठेही बसेल! मताची चिठ्ठी मात्र ते कोरीच द्यायचे.

त्या रविवारची गोष्ट एका विधवेची होती. नवऱ्याला पुरून आल्यावर बाई भांडी घासते, बाजारात जाते, पण डोळ्यांतून टिपूस काढत नाही. क्षितिजाने मत वाचलं, "हिचं नवऱ्यावर प्रेम नव्हतंच." टाळ्या पडल्या. मंडळाचं मत म्हणून तेच सिनेमावरच्या एका मासिकात जाणार होतं, तिच्या नावाने, पहिल्यांदाच.

ईश्वररावांना ते मत चुकलेलं दिसत होतं. बोलावं तर चारचौघांत लेकीची मान खाली जाणार, गप्प बसावं तर तिची चूक छापून येणार. पण चाळीस वर्षं मशीनवर बसलेला माणूस. चुकलेली शिवण बघून गप्प बसेल तर शप्पथ. ते उभे राहिले.

"क्षितू, शेवटी ती घालते ना, तो कोट जेंट्स आहे. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. बायकांचं उलट असतं. सुरुवातीला घरातला फोटो दाखवला, त्यात नवऱ्याच्या अंगात तोच कोट होता. हिने उसवून आपल्या मापाचा केलाय, खांदे बारीक, बाही आखूड. आणि शिवण हातची आहे. एवढा जाड कोट हाताने शिवायला आठवडे लागतात. तेवढे दिवस कोणाला मांडीवर घेऊन बसली होती ती?"

"अंकल, पक्का?" पुढच्या रांगेतल्या अभिनवने विचारलं.

क्षितिजाने सिनेमा मागे नेऊन चित्र थांबवलं. काजं डावीकडेच होती.

तिने आपल्या चिठ्ठीवर काट मारली, वडिलांचे शब्द उतरवून घेतले आणि खाली त्यांचं नाव लिहिलं. "बाबा, नावापुढे काय लिहू?"

तिच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर, पोरीला कमीपणा नको म्हणून, ईश्वररावांनी 'खाजगी नोकरी' लिहिलं होतं.

"टेलर," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिही."