सहाव्या पिढीतली राजकन्या

मठातला ओदोनबुवा बड्या घराण्यांच्या वंशावळी लिहून देत असे, आणि त्याच्या हातून एकही घराणं साधं सुटलेलं नव्हतं. मोंफ्लोरच्या काउंटांना त्याने दहा वर्षांपूर्वी सहाव्या पिढीत थोरल्या सम्राटाची नात, राजकन्या गिस्लांद, बसवून दिली. मागल्या हिवाळ्यात बेलरॉशच्या काउंटांनी वंशावळ मागितली, तेव्हा गिस्लांद तयारच होती; बुवाने तिलाच तिथेही बसवलं. नवी राजकन्या घडवायची म्हणजे पुन्हा तिचं लग्न, आजारपणं, सगळं आलं. शिवाय या दोन घराण्यांत एका पाणचक्कीवरून चाळीस वर्षं लढाई चाललेली. ती शेजारी बसून वंशावळी ताडून बघतील, हे बुवाच्या डोक्यातही आलं नाही.

पण मोंफ्लोरचा तरुण काउंट थिएरी शिडीवरून बेलरॉशचा तट चढत होता, तेव्हा तिथल्या काउंटच्या मुलीने, अदेलीनने, वरून त्याच्या शिरस्त्राणावर गरम सूप ओतलं.

"मीठ कमी आहे!" थिएरी ओरडला.

"थांब जरा," म्हणत ती आत गेली आणि खरंच मीठ घेऊन आली. त्यानंतर दोघांचंही लढाईत लक्ष लागेना, आणि शेवटी लढाई थांबून त्यांचं लग्न ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बिशपांनी दोन्ही वंशावळी पसरल्या आणि स्वतःच्या अंगावर पिढ्या मोजायला घेतल्या. डोकं, मान, खांदा, कोपर, मनगट, बोटाचं पेर, नख. समान पूर्वज नखाच्याही पलीकडे गेला तर लग्न होतं. अलीकडे सापडला तर दोघं भावंडं. गिस्लांद पेरावर सापडली.

"बहीण आहे तुझी," बिशप म्हणाले.

थिएरीने कमरेची तलवार सोडून बाकावर ठेवली. "मग मला दुसरी कुणी नको. मी मठात जातो."

"आमच्याकडे जागा नाही," ओदोन घाईघाईने म्हणाला, आणि तडक थिएरीच्या आत्याकडे गेला.

हेर्सांद आत्याबाईंना मोंफ्लोरचं सगळं घराणं तोंडपाठ होतं. रोज जेवणाआधी त्या उभ्या राहून ते म्हणत. मधे कुणी खोकला, तर पहिल्यापासून. मोंफ्लोरमध्ये गरम सूप कसं लागतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आत्याबाई, राजकन्या नव्हतीच," ओदोनने सांगून टाकलं. "तुमच्या भावाला हवी होती, म्हणून मी घातली."

 गिस्लांदचं नाव घेताना आत्याबाईंची मान आपोआप ताठ व्हायची, हे बुवाने दहा वर्षं पाहिलं होतं.

"तिच्या जागी कोण होतं?"

"गोबेर. डुकरं राखायचा. जखमी सरदाराला पाठीवर घेऊन तो तीन कोस दलदल तुडवत गेला. त्याबद्दल त्याला जमीन मिळाली. सरदार अतिशय लठ्ठ होता, असं जुन्या दस्तात मुद्दाम लिहिलंय."

"आणि तुमच्या गिस्लांदने काय केलं होतं?"

"ती... जन्मली होती."

"झोपा जा, बुवा."

दुसऱ्या दिवशी भरल्या देवळात आत्याबाईंनी शपथ घ्यायला, तिथे जपून ठेवलेल्या संताच्या जबड्याच्या हाडावर हात ठेवला. "आमच्या घरात कुणी राजकन्या आली नाही. आम्ही गोबेर डुकरंवाल्याचे वंशज. चूक बुवांची नाही, आमच्या हौसेची." आणि त्यांनी अख्खी वंशावळ नव्याने म्हटली. गोबेरच्या नावाला त्यांची मान गिस्लांदच्या वेळेपेक्षा दोन बोटं वर गेली. त्या बाईचे पाय धरावेत असं ओदोनला वाटलं, पण पुढे बिशप उभे होते.

अदेलीनचे वडील गिशार लालबुंद झाले. "माझी मुलगी डुकरंवाल्याच्या घरात?"

"तुमची राजकन्या मात्र पक्की हं, गिशारराव," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "आता ती एकट्या तुमचीच. आम्हीच उगाच वाटा मागत होतो."

ओदोनला घाम फुटला. गिशाररावांनी मात्र छाती फुगवली. "ते मी पहिल्यापासून म्हणतोय."

"बाबा, मग देताय ना मला?" अदेलीनने विचारलं. "का पुन्हा सूप तापवू?"

"देतो गं बाई. आपल्यामुळे यांचं जरा बरं होईल."

बिशपांनी पुन्हा डोक्यापासून मोजलं. नख संपलं तरी कुणी सापडेना, तेव्हा त्यांनी होकार दिला. थिएरीने आनंदाने चुकून बिशपांनाच मिठी मारली.

आत्याबाई तोवर ओदोनसमोर वंशावळ घेऊन उभ्या. "खरवडा तिला. आत्ता. माझ्यादेखत."

बुवाने चाकूने राजकन्या खरवडून काढली, फुंकर मारली आणि लिहिलं, 'गोबेर, डुकरं राखणारा.'

"नुसतं असं नको. किती डुकरं, तेही लिहा."

"आकडा दस्तात नाही, आत्याबाई."

"मग 'पुष्कळ' लिहा."