सुनेचं लिव्हर

गोदाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे तेल्हाऱ्याकडच्या त्या गावात कुणाला सांगायला नको. कुणाचं बारसं असो की मयत, तिचं पालुपद एकच. तिचा एकुलता एक किशोर लिव्हर खराब होऊन मरणाला टेकला होता. सून चंदानं आपल्या लिव्हरचा तुकडा दिला, नागपूरला ऑपरेशन झालं, पोरगा चालत घरी आला आणि काही महिन्यांतच गेला. "हिचा तुकडाच नासका," गोदाबाई म्हणे. "माह्या पोराले नाही मानवला." चंदा पोटावरचा वण पदराखाली घेऊन मुकाट भाकरी थापत राही. आता बोला! दिलं तिनं, आणि वाईटही तीच.

त्या दुपारी नागपूरहून डॉक्टर प्रियदर्शनी आली. लिव्हर बदललेली माणसं घरी गेल्यावर कोण जगतं, कोण का जातं, याचा ती अभ्यास करत होती. गोदाबाईला बरंच वाटलं. शिकलेलं कुणीतरी आता सुनेचा दोष कागदावर उतरवील.

"किशोरभाऊ गोळ्या वेळेवर घ्यायचे?" डॉक्टरनं विचारलं.

"एकबी नाही चुकवली," चंदा म्हणाली.

"दुसरं काही? काढा, जडीबुटी?"

"नाही. काहीच नाही," चंदा घाईनं म्हणाली.

"नाही काहून?" गोदाबाई उसळली. "हिचा तुकडा कमजोर, मंग पोराले ताकद नको? रोज सकाळी मीच पाजत होती गुळवेलीचा काढा. निंबावरची, अस्सल."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. वयानं लहान, तोंड आवरायला अजून शिकायची होती. "मावशी, दुसऱ्याचं लिव्हर शरीर परकं समजतं, त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून गोळ्या देऊन शरीराची ती ताकद मुद्दाम दाबून ठेवतात. गुळवेल तीच ताकद वाढवते. आणखीही घरांत हेच ऐकलं मी. ताईंचा तुकडा चांगला होता." मग आपण काय बोलून बसलो ते तिलाच कळलं. खात्रीनं सांगता येत नाही वगैरे ती पुटपुटली, पण गोदाबाईला ते ऐकूच गेलं नाही.

किशोर तोंड वाकडं करायचा. माय, कडू लागते व, म्हणायचा. आणि गोदाबाईच दटावून पेला रिकामा करायला लावायची. आपल्या हातानं. पोटच्या पोराला.

डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं, "चंदे, तुले मालूम होतं?"

"दवाखान्यातच सांगतलं होतं मले. ते गेले त्या दिवशी."

"मंग गावभर बोलणी खाल्ली, अन् सांगतलं काहून नाही?"

"लय डाव तोंडावर आलं. राग तं असा ये, का आता सांगूनच टाकावं." चंदा खाली बसली. "पण मले शिव्या देता देता तुमी दोन घास खात होत्या, आत्याबाई. हे समजल्यावर खाल्ले असते का?"

सांजेला चंदानं ताट वाढलं. गोदाबाई ताटासमोर बसली आणि बसूनच राहिली. घास उचलला की तिला ते वाकडं तोंड दिसे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिला उठून बसवेना.

चंदानं भाकरी दुधात कुस्करली आणि वाटी तिच्या ओठांशी नेली.

"नासका म्हणा माहा तुकडा," ती म्हणाली. "म्हणा न, आत्याबाई. अन् खा."