टेबलातली ती रेघ

सासरेबुवा तसे देवमाणूस, पण जेवणाच्या टेबलाचा विषय निघाला की वाघ! स्वतःच्या लग्नानंतर त्यांनी ते आपल्या हातानं बनवलं होतं. लाकडावर काचेसारखा जाड, पारदर्शक थरही त्यांनीच ओतला होता. आणि त्याच आठवड्यात मधोमध एक रेघ दिसली. "हिच्या अंगठीचं काम!" त्यांनी निकाल देऊन टाकला. झालं! तेव्हापासून बिचाऱ्या सासूबाई त्या टेबलाशी बसताना अंगठी काढून ठेवायच्या. सुनेला हे बघून असा राग यायचा म्हणून सांगू!

सून फर्निचरला पॉलिश करणारी, हाताची पक्की. "आई, ती रेघ मी काढतेच. मग बघू तुम्हाला कोण बोलतं ते."

सासरे बाजारात गेले तशी ती पदर खोचूनच कामाला लागली. पाणी शिंपडून आधी खरखरीत कागदानं घासलं, मग बारीक, मग त्याहून बारीक. एक ओरखडा घालवायला सगळीकडे हजार बारीक ओरखडे पाडायचे, असा हा उफराटा धंदा. बघता बघता टेबल दुधासारखं पांढरं झालं. कामाच्या या टप्प्याला ती गिऱ्हाइकाला आपल्या दुकानात पाऊल टाकू द्यायची नाही. पण घरात दार कुणाला लावणार?

"अगं बाई! वाटोळं केलंस!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता हे मला जिवंत ठेवतील का?"

"आई, जरा दम धरा."

तिनं पॉलिशचं क्रीम लावून मशीन फिरवलं. पांढरेपणा गेला, लाकडाच्या नसा लख्ख दिसायला लागल्या. कपबशांचे, सुऱ्यांचे, नातवाच्या मोटारींचे ओरखडे गायब! आणि ती रेघ? जशीच्या तशी! सून इरेला पेटली. पुन्हा घासलं, पुन्हा पॉलिश केलं, पण रेघ काही हटेना. आणखी घासलं तर थरच जायचा. तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी तिनं रेघेवरून आडवं नख फिरवलं. खरं तर ते सगळ्यात आधी करायचं, पण रागाच्या भरात विसरली होती. नख कुठंच अडकलं नाही. अहो, वर ओरखडा नव्हताच! तिनं भिंग लावलं आणि पोट धरून हसत सुटली. थराच्या आत बोटभर लांबीचा एक काळा, राठ, कुरळा केस अडकला होता.

"तेव्हा यांची दाढी छातीपर्यंत होती," सासूबाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात सासरे आले. टेबल बघून खूश झाले. मग सुनेनं भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. हात आपोआप गुळगुळीत हनुवटीवर गेला. चेहरा पार उतरला.

"चुकलं माझं," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?" सासूबाई म्हणाल्या. "मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही."

मशीन केव्हाच बंद झालं होतं. सासऱ्यांनी ते पुन्हा म्हटलं, या वेळी शेजारी खिडकीत येतील इतक्या मोठ्यानं.